गालिच्यावर खतखतं सांडलं, घासल्यावर डाग पिवळ्याचा लाल झाला. घरातल्या वस्तूंनी निघेल का?

माटोळी
रविवार, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पणजीला राहतो, पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, फोंड्याजवळच्या मूळ घरी असते. सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं आणलेला लोकरीचा काश्मिरी गालिचा वर्षभर कपाटात असतो, चवथीला तेवढा बाहेर निघतो. यंदा पडवीत पाऊस आत येऊ लागला म्हणून पंगत ऐनवेळी माजघरात घेतली. गालिचा गुंडाळायला कुणाला सुचलं नाही. वाढताना खतखत्याचं, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रस्साभाजीचं, भांडं कलंडलं आणि ताटाएवढा डाग पडला. हळद, खोबऱ्याचं वाटण, वर तेलाचा तवंग, सगळंच त्यात.

मी लगेच कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवून ब्रशनं घासायला घेतलं. दोन मिनिटांत पिवळा डाग विटकरी लाल झाला! गालिच्याचा रंग फुटला असं वाटून मी तिथंच थांबले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या बघत उभ्या राहिल्या. ते मला जास्त लागलं.

बाहेर पाऊस थांबत नाही, उन्हात घालायची सोय नाही. पुढं काय करू? धुवायला कुठं द्यावा तर दुकानं सणात बंद. घरात आहे त्यात काही होईल का?

आगळ
रविवार, रात्री 10:58

आधी ब्रश बाजूला ठेवा. घासल्यानं लोकरीची लव पिंजते आणि डाग खाली उतरतो. पांढरा सुती कपडा घ्या, जुनं धोतर सगळ्यात चांगलं. वरून दाबून टिपत राहा. कडेकडून मधे या, मधून बाहेर जाऊ नका, नाहीतर डाग पसरेल. आता तरी एवढंच करा, कुणी जाणकार येईपर्यंत.

शिकवणी_सर
रविवार, रात्री 11:20

ताई, घाबरू नका, गालिच्याचा रंग फुटलेला नाही. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. तो आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा राहतो, अल्कली लागली की लाल होतो. शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून बघतात, तोच हा प्रयोग. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, म्हणून तुमचा डाग लाल झाला. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते.

आम्ल लावलं की तो परत पिवळा होईल. घरात पांढरं व्हिनेगर असेल तर एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी करा, कपडा त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागावर दाबा. लाली डोळ्यांदेखत उतरेल. डाग गेला असं मात्र समजू नका, हळद तिथंच आहे. पण अल्कली मारली गेली, आणि लोकरीला अल्कली सोसत नाही, म्हणून हे आजच रात्री करा.

एक सांभाळा. आपल्याकडं स्वयंपाकघरात माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं, ते वापरू नका. त्याला स्वतःचाच रंग असतो.

माटोळी
रविवार, रात्री 11:51

सर, केलं. लाल होतं ते खरंच पिवळं झालं, अगदी आधीसारखं! पिवळा डाग बघून एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. सासूबाईंना बोलावून दाखवलं. आता पुढं?

दर्यादेग
सोमवार, सकाळी 6:35

मी 22 वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हाउसकीपिंगला होते, शेवटची आठ सुपरवायझर म्हणून. लांब लिहिते, कारण या विषयावर व्हिडिओ बघून लोक चांगल्या वस्तू घालवतात आणि मला ते बघवत नाही.

माटोळी, तुझा डाग एक नाही, तीन आहेत. तेलाचा, वाटणाचा आणि हळदीचा. तिघांना एकच औषध चालत नाही आणि क्रमही चुकवायचा नाही.

आधी वाटण. लवेत अडकलेला खोबऱ्याचा चोथा सुकला की बोथट चमच्यानं उचल. मग तेल. मैदा, कॉर्नफ्लॉर किंवा टाल्कम पावडर डागावर जाड भुरभुरव, हातानं हलकी दाब आणि रात्रभर राहू दे. जागा मात्र आधी कोरडी हवी, ओल्यावर पीठ टाकलंस तर खळ होईल. सकाळी व्हॅक्युमनं किंवा मऊ झाडूनं काढ. पीठ पिवळट, चिकट निघालं तर तेल येतंय, परत टाक. हे दोनतीनदा करावं लागतं आणि लोकांचा धीर इथंच सुटतो.

तेल उतरलं की भांडी घासायचं लिक्विड. एक कप कोमट पाण्याला पाव चमचा, त्याहून जास्त नाही. लिक्विड जास्त झालं तर ते लवेत राहतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात त्याच जागी काळा डाग दिसतो. फक्त फेस कपड्यावर घेऊन टिप, नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या कपड्यानं दोनदा टिप.

आता हळद. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं. गालिच्याच्या मागच्या कोपऱ्यावर आधी थेंबभर लावून पांढऱ्या कपड्यानं दाबून बघ. गालिच्याचा रंग कपड्यावर आला तर तिथंच थांब, पुढं जाऊ नको. नाही आला तर कपडा स्पिरिटनं ओलसर कर, थेट डागावर ओतू नको, आणि टिप. कपड्यावर पिवळं येत राहील. दर वेळी कपड्याची स्वच्छ बाजू घे. गणपती अजून घरात असेल तर समई जळते आहे त्या खोलीत हे मुळीच करायचं नाही. स्पिरिटची वाफ पेट घेते. गालिचा दुसऱ्या खोलीत ने, खिडक्या उघड.

उरलेलं काम उन्हाचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. चवथीच्या दिवसांत अधूनमधून उघाड मिळते, तासभर मिळाली तरी डागावर ऊन येईल असा गालिचा ओटीवर पसर. बाकीचा भाग चादरीनं झाक, नाहीतर त्याचेही रंग उतरतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या गोव्यात गालिचा डागानं जात नाही, पाण्यानं जातो. लोकर तिच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वरून कोरडा वाटतो, खाली घट्ट विणीत पाणी असतं. या हवेत एकदोन दिवस ओल राहिली की बुरशी धरते. मग तो कुबट वास काही केल्या जात नाही. मी असे कितीतरी गालिचे टाकून देताना पाहिलेत, ज्यांच्यावरचा डाग मुळात कपाएवढा होता. कुणीतरी बादलीभर पाणी ओतून 'स्वच्छ' केले होते.

मांजरवाली
सोमवार, सकाळी 9:10

दर्यादेगताई, फार उपयोगी लिहिलंत. माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या मांजरानं हॉलच्या कार्पेटवर एकाच कोपऱ्यात तीनचारदा लघवी केली आहे. फिनेल टाकलं, वास दबतो आणि पाऊस लागला की परत येतो. कार्पेट साधं, नायलॉनचं.

तांबडी_माती
सोमवार, सकाळी 10:25

मी डिचोलीचा. आमच्याकडं पावसात दारातून आत येणारी तांबडी माती हेच मोठं दुखणं. चपला बाहेर काढल्या तरी पोरांच्या पायांनी येतेच. बायको बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतते, फसफसतं छान, पण तपकिरी डाग तसाच. कुणी सांगितलं ब्लीच टाका. टाकू का?

शिकवणी_सर
सोमवार, दुपारी 1:15

तांबडी_माती, ब्लीच अजिबात नको. आपल्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थी गंजच. ब्लीचनं तो निघत नाही, उलट पक्का बसतो. शिवाय कार्पेट लोकरीचं असेल तर ब्लीच लोकर विरघळवतं, अक्षरशः. आणि ज्या जागी व्हिनेगर टाकलंय तिथं ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. संडासाच्या आम्लाच्या लिक्विडबरोबरही तेच. हे सगळ्यांनी घरात कामाला येणाऱ्या बायकांनाही सांगून ठेवा, त्यांच्या हातात दोन्ही बाटल्या एकाच वेळी असतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की एकमेकांना मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मागं राहतं ते मिठासारखं एक क्षार आणि पाणी. दोन्ही कामाची आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

दर्यादेग
सोमवार, दुपारी 3:40

सर, ब्लीचचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

तांबडी_माती: चिखल ओला असताना हात लावायचा नाही. मला माहीत आहे, बघवत नाही, लगेच पुसावंसं वाटतं. पण ओला पुसला की माती लवेच्या मुळाशी जाते. पंखा लावून पूर्ण सुकू द्या, मग कडक ब्रशनं सैल करून व्हॅक्युम. तीनचतुर्थांश तिथंच जातो. उरलेल्याला लिक्विडचं पाणी, वर सांगितलं तेवढंच. तरीही तांबूस छटा राहिली आणि कार्पेट नायलॉन किंवा तसलं कृत्रिम धाग्याचं असेल, तर लिंबाचा रस नि किंचित मीठ, पाच मिनिटं, मग साध्या पाण्यानं टिपून काढा. लिंबातलं आम्ल लोहाला धरतं. आधी कोपऱ्यावर बघून. आणि दारात काथ्याचं पायपुसणं बाहेर एक, आत एक, दोन ठेवा. हॉटेलात जून ते सप्टेंबर आम्ही तीन ठेवत होतो.

मांजरवाली: फिनेल नको. त्याचा वास मांजराला हटवत नाही आणि फिनेल मांजराला विषारीही आहे. लघवी वाळली की युरिक आम्लाचे खडे धाग्यात राहतात. हवेत दमटपणा आला की ते ओल धरतात आणि वास परत उठतो. तुमच्या घरी पावसातच वास येतो त्याचं कारण हे. निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, जरा जास्तच, कारण लघवी खालपर्यंत गेलेली असते. टिपून काढा, पंख्याखाली पूर्ण सुकवा, मग बेकिंग सोडा भुरभुरून रात्रभर. खरं काम एन्झाइमचं क्लीनर करतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. घरच्या उपायांची इथं मर्यादा आहे हे मी कबूल करते. अमोनियाचा वास असलेलं काहीही वापरू नका, मांजराला ते आपल्याच जागेचं निमंत्रण वाटतं. आणि कोपरा उचलून खाली बघा. खाली फोमचं अस्तर असेल तर ते भिजलेलं असणार, तेवढा तुकडा बदलावा लागेल.

बोंडांची_राख
सोमवार, सायंकाळी 7:05

आमच्या घरी डागांचा मोसम मार्च ते मे. काजूच्या बोंडांचा रस पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, कुणी लक्ष देत नाही, दुसऱ्या दिवशी तपकिरी. शहाळ्याच्या सालीचं पाणीही तसंच. आणि फणस! आजी फणस कापायच्या आधी हाताला आणि सुरीला खोबरेल लावायची. गेल्या वर्षी जाजमावर फणसाचा चीक पडला तेव्हा मी तेच केलं, चिकावर खोबरेल चोळलं, चीक सुटला, मग तेलाचा डाग काढत बसले. बरोबर केलं का?

दर्यादेग
सोमवार, रात्री 9:20

अगदी बरोबर. चीक तेलातच सुटतो, पाण्यानं नुसता पसरतो. फक्त तेल थेंबाथेंबानं, कपड्यावर घेऊन लावायचं म्हणजे मागचं काम कमी होतं. पीठ, मग लिक्विड, तोच क्रम.

बोंड, शहाळं, कोरा चहा, वाइन, हे सगळे टॅनिनचे, म्हणजे त्यातल्या तुरट पदार्थाचे, डाग. यांना आंघोळीचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण लावू नका, डाग घट्ट होतो. लिक्विड चालतं, मग व्हिनेगरचं पाणी. ओला असतानाच धरला तर नव्वद टक्के वेळा व्हिनेगरपर्यंत जावंही लागत नाही. म्हणून बोंडाचा रस पाण्यासारखा दिसला तरी लगेच टिपा.

दुधाच्या चहाला आणखी एक गोष्ट. त्यात दूध आहे, म्हणून गरम पाणी नको. दूध, अंडं, रक्त, या तिघांना गरम पाणी लागलं की ते धाग्यात शिजतं. थंड पाणी आणि लिक्विड. रक्ताचा डाग कार्पेटवर राहिलाच, तर हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडं औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा 6 टक्क्यांचं, बाटलीवर लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून निम्मं करा. रंग उडवतं, म्हणून फिकट कृत्रिम कार्पेटवरच. लोकरीच्या जुन्या गालिच्यावर मी स्वतः कधी वापरलं नाही आणि कुणाला वापरू देणार नाही.

आगळ
मंगळवार, सकाळी 8:00

कोकमाचं राहिलं. आगळ म्हणजे कोकमाचा रसच, तेव्हा माझ्या नावाचाच डाग! सोलकढी सांडली की लाल-गुलाबी दिसते, साबण लावला की निळसर जांभळी होते आणि बायका घाबरतात. जांभळाचंही तेच. मी हळदीचं वाचून व्हिनेगर लावून बघितलं, परत लाल झालं आणि टिपल्यावर बरंच निघालं. सर, हेही आम्ल-अल्कलीचंच ना?

शिकवणी_सर
मंगळवार, सकाळी 8:45

हो, कोकमात आणि जांभळात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते आम्लात लाल, अल्कलीत निळ्याकडं झुकतं. हळदीपेक्षा एक गोष्ट सोपी, हे पाण्यात विरघळतं. म्हणून ताजा डाग गार पाण्यानं टिपून बराचसा जातो. सोलकढीत नारळाचं दूध असतं, त्याच्या तेलासाठी मात्र लिक्विड लागेल.

माटोळी
मंगळवार, रात्री 10:10

दोन दिवस मोबाइल हातात घ्यायला वेळ नव्हता. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आलो, पाहुणे गेले, आणि मग निवांतपणे गालिच्याला बसले.

पावडर दोनदा टाकली. पहिल्यांदा निघालेली पावडर लोण्यासारखी पिवळी होती, दुसऱ्यांदा जेमतेम. लिक्विडनं टिपलं. स्पिरिट कोपऱ्यावर लावून बघितलं तर निळ्या फुलाचा रंग जरासा कपड्यावर आला, बाकी रंग पक्के. म्हणून फुलाजवळ गेले नाही, फक्त बदामी जमिनीवरच्या डागाला स्पिरिट लावलं. कपड्याच्या सतरा घड्या पिवळ्या झाल्या असतील. डाग निम्म्याहून कमी दिसतो.

पण आत्ता बघते तर डागाच्या कडेनं एक नवीन तपकिरी रेघ आली आहे. दुपारी नव्हती. मी काही बिघडवलं का?

दर्यादेग
मंगळवार, रात्री 10:45

नाही गं बाय, बिघडवलं नाहीस. खाली उरलेलं मळकं पाणी सुकताना लवेच्या टोकांकडं चढतं, जिथं वाऱ्यानं आधी सुकतं तिथं मळ सोडतं. समईतली वात तेल वर ओढते तसं. असा डाग परत आलेला दिसला की लोकांना वाटतं आपली मेहनत वाया गेली. उलट आहे, खालचा मळ वर आलाय, आता तो काढणं सोपं.

व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेल्या कपड्यानं ती रेघ टिप. मग कोरड्या पांढऱ्या सुती कपड्याच्या पाचसहा घड्या डागावर ठेव, वर पाट, पाटावर वजन. पाटा-वरवंटा असेल तर तोच, खाली प्लॅस्टिक घालून. रात्रभर. चढणारं पाणी लवेऐवजी कपड्यात जाईल. सकाळी कपडा काढून गालिचा उलटा कर, दोन खुर्च्यांवर टाक, खालून पंखा. विजेचं काही सांगता येत नाही तिकडं, पण पणजीला नेणार असशील तर एसीचा ड्राय मोड सगळ्यात चांगला, खोली बंद करून चार तास.

बोंडांची_राख
बुधवार, दुपारी 12:30

मेणबत्तीच्या मेणाला बर्फ ना? नाताळात लागतं.

दर्यादेग
बुधवार, दुपारी 2:00

हो. बर्फाची पिशवी ठेवून कडक कर, चमच्यानं तुकडे उचल, राहिलेल्यावर तपकिरी कागद ठेवून अगदी मंद इस्त्री. मेण कागदात येतं. छापलेलं वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कृत्रिम कार्पेट असेल तर मधे कपडाही घाल, ते इस्त्रीनं वितळतं. च्युइंगमला फक्त बर्फ.

माटोळी
पुढच्या आठवड्यात, बुधवार, रात्री 9:30

उशिरा लिहिते, पण शेवट कळवायला हवा.

वजन ठेवलं तेव्हा सकाळी कपड्याच्या खालच्या दोन घड्यांवर चहाच्या रंगाचं वर्तुळ उमटलेलं होतं, हातात धरून बघितलं तेव्हा पटलं की हे सगळं गालिच्याच्या आत होतं. रेघ परत आली नाही. त्यानंतर पाच दिवसांत मिळून तीनदा ऊन मिळालं, सगळं धरून चार तास असेल. दर वेळी घरातलं कुणीतरी ओरडायचं, ऊन आलं, आणि आम्ही दोघी गालिचा घेऊन ओटीवर धावायचो. बाकीच्यावर चादर झाकून. आता माहीत असलेल्याला बदामी जमिनीवर किंचित पिवळसर छाया दिसते, नव्या माणसाला दिसणार नाही.

तो घडी न घालता गुंडाळून, जुन्या सुती चादरीत बांधून ठेवला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. इतकी वर्षं तो प्लॅस्टिकमध्येच होता, कपाट उघडलं की वास यायचा आणि आम्ही समजत होतो की जुन्या लोकरीला असाच वास असतो.

सर, आगळ, दर्यादेगताई, देव बरें करूं.

काल बांधायच्या आधी सासूबाईंनी गालिचा उलटा केला, डागाच्या जागी पाठीमागून तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग गालाला लावून बघितला. "सुकला गो," म्हणाल्या, आणि दोरी माझ्या हातात दिली.